शाकारणी

आमच्या स्टेशनचं नाव देवळावरून पडलं. तलावाकाठचा खांदेश्वर महादेव आधीपासून तिथे होता. सिडको मागाहून आली, तिने सेक्टर पाडले, रेल्वे आणली, आणि फलाटावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा देवाचंच नाव उचललं. आता हजारो माणसं ‘खांदेश्वरला उतरतो’ म्हणतात. त्यांतल्या किती जणांनी तो देव पाहिलाय, हे विचारू नये.

हे आठवायचं कारण माझी भाची. ती कार्डिफला शिकते. गेल्या मार्चात मैत्रिणींबरोबर वेल्सच्या खेड्यांत भटकायला गेली आणि तिथून एका चर्चचे फोटो पाठवले. चर्च म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेएवढं. ओबडधोबड दगडाच्या जाड भिंती, थंडीवाऱ्याला घाबरून बारीक ठेवलेल्या खिडक्या. मनोरा नाहीच, पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीच्या टोकावर छोटी कमान आणि तिच्यात एकुलती एक घंटा. छप्पर पाटीच्या दगडाचं. आपण शाळेत ज्यावर पेन्सिलीने अंक गिरवले, तसाच दगड. वेल्सच्या खाणींतून निघालेल्या त्या दगडाने अर्ध्या जगाची घरं झाकली. चर्चभोवती गोलसर कुंपण, आत थडगी आणि एक काळपट हिरवं यूचं झाड. दारावर चिठ्ठी होती : किल्ली समोरच्या शेतावरच्या घरात मिळेल.

“मामा, आत कुणीच नव्हतं,” तिने लिहिलं होतं, “आणि रजिस्टरवर आमच्या आधीची सही तीन आठवड्यांपूर्वीची.”

वेल्समधल्या गावांच्या नावांत ‘लान’ हा शब्द सारखा येतो. त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. मग ती संताची जागा झाली, मग चर्च, मग चर्चभोवतीचं गाव. लॅनडडनो म्हणजे तुड्नो नावाच्या संताचं ठिकाण. म्हणजे खांदेश्वरच की! देव आधी, गाव नंतर. भाचीला ही गंमत कळवली तेव्हा तिने उलट विचारलं, आपल्याकडे आहेत का अशी खेड्यातली जुनी चर्चं? मी तत्काळ लिहिलं, आहेत, वसईला आहेत, आणि ती रिकामी नाहीत.

लिहून बसलो खरा, पण वसईची चर्चं मी धड पाहिली कधी होती? लहानपणी सहलीला किल्ला पाहिला होता तेवढाच. म्हणून एका शनिवारी निघालो.

खांदेश्वरहून वसईला जायला दादरमार्गे वळसा घालणारे बरेच आहेत. मी एक स्टेशन मागे पनवेलला जाऊन दिव्यावरून जाणारी मेमू धरली. तळोजा, निळजे, दिवा, भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र. गोदामं संपतात तिथे खाडी लागते, खाडी संपते तिथे मिठागरं, आणि मग वसई रोड. या गाडीत टोपलीवाल्या बायका अजून भेटतात आणि खिडकीही मिळते.

आधी किल्ला पाहून घ्यावा, म्हणजे गावातली चर्चं कळतात. किल्ला म्हणतात, पण ते तटबंदीतलं शहर होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाने तटाच्या आत आपापलं चर्च आणि मठ उभारला. सेंट जोसेफचं मुख्य चर्च सोळाव्या शतकाच्या मध्याचं. आर्चबिशप आलेशो दे मेनेझिस यांच्या काळात, १६०१ साली, त्याचा जीर्णोद्धार झाला, तसा लेख दगडात कोरलेला आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीतच थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज सरदारांची कुलचिन्हं कोरलेल्या. त्यांच्यावर आता शेळ्या चरतात आणि प्री-वेडिंगवाले झगा पसरतात.

जेझुइटांच्या चर्चचं दर्शनी तोंड मात्र जरा थांबून पाहण्यासारखं. दाराच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडलेले खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, वर जेझुइटांची मुद्रा. काळ्या दगडात इतकी नाजूक पानं काढायची म्हणजे हात कसले असतील! याच वसईच्या दगडाला गोव्यात मान होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसचं अंग तांबड्या चिऱ्याचं, पण तोंडावरचे खांब, महिरपी, कोरीव पट्ट्या काळ्या बेसाल्टच्या, आणि तो दगड जहाजात घालून वसईकडून नेलेला. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, भुगा होतो. बॉम जेझूसचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात खरवडून काढला, म्हणून आज पर्यटकांना ती इमारत लालबुंद दिसते आणि तेच तिचं मूळ रूप वाटतं. बांधणाऱ्यांनी चिरा उघडा ठेवण्यासाठी बांधलाच नव्हता. गिलावा म्हणजे त्याची छत्री. ती काढल्यापासून पावसाळ्याचं पाणी थेट चिऱ्यात मुरतं.

पाऊस हाच या सगळ्या गोष्टीतला मुख्य माणूस आहे.

सेंट जोसेफच्या आत उभं राहिलं की वर आभाळ दिसतं. पण वेदीच्या टोकाला, आपण गाभारा म्हणू त्या भागावर, दगडी घुमटी अजून आहे. असं का? मी आधी समजत होतो की मराठ्यांच्या तोफांनी मधलं छप्पर पडलं. तोफा लागल्याच असतील, पण कारण साधं आहे. पोर्तुगीज चर्चमध्ये बहुधा गाभाऱ्यावरच दगडी कमानछत घालत. माणसं बसायचं लांब दालन रुंद असे, म्हणून त्याच्यावर लाकडी कैच्या आणि कौलं. दगडाचं टिकलं, लाकडाचं गेलं. आपल्या कोकणातल्या देवळांची तऱ्हा हीच : गाभारा दगडाचा, सभामंडप कौलारू. त्या लांब दालनाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात, लॅटिन ‘नाविस’वरून, म्हणजे होडी. संस्कृत ‘नौ’ आणि आपली नाव त्याच कुळातली. वसईच्या कोळीवाड्यात होडी उलटी घालून तिच्या पोटाखाली उभं राहावं, वर फळ्या आणि वाके दिसावेत, तसं चर्चमध्ये आढ्याकडे बघताना दिसतं. ज्या सुतारांनी गलबतं बांधली त्यांनीच ही छपरं घातली असतील तर मला नवल वाटणार नाही. माझा आपला तर्क.

मे १६१८ मध्ये वसईवर मोठं चक्रीवादळ आलं. हजारो माड आडवे झाले, समुद्र आत शिरला, चर्चांची आणि मठांची छपरं उडाली. मागोमाग पाऊस दडी मारून बसला आणि दुष्काळ पडला. तरीही शहर पुन्हा उभं राहिलं, छपरं पुन्हा चढली. १७३९ नंतर त्याच भिंतींवर छप्पर चढवायला कुणी उरलं नाही. भक्त गेले, पाद्री गेले, कौलं सरकली, एक वासा कुजला, त्याने शेजारचा कुजवला. जेझुइटांच्या चर्चला पुढे पुन्हा आच्छादन मिळालं, कारण गोन्सालो गार्सियाची आठवण गावाने सोडली नाही. हा वसईत जन्मलेला पोरगा १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ साली संत झाला, आणि अजून फेब्रुवारीत त्याचा सण किल्ल्यातच होतो. एका छपराला एवढं निमित्त पुरलं.

किल्ल्यातल्या घंटांची वाट वेगळी. छपराविना त्या टांगणार कुठे! विजयाची खूण म्हणून त्या घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची १७०७ ची, आणि तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. मेणवलीचे लोक तिला हात जोडतात. घंटा महादेवाची, मूर्ती मेरीची, कुणाला काही खटकत नाही.

किल्ल्यातून बाहेर पडून पारनाक्यावरून पुढे गेलं की दुसरीच वसई लागते. पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी. केळी, माड, फुलांची शेतं, रहाटाच्या जागी आलेले पंप, आणि मधूनमधून बावखलं. पावसाचं पाणी साठवणाऱ्या या गावतळ्यांवर इथली बागायत जगली, आणि आता तीच बुजवून इमारती उभ्या राहताहेत. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर एखादा क्रूस, ताज्या झेंडूचा हार घातलेला. गावागणिक एक चर्च, आणि त्यांपैकी बहुतेकांची मुळं सोळाव्या शतकात. इथला ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळ म्हणतो. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा घराण्यांनी धर्म बदलला. देवळाला देऊळच म्हणत राहिले. १३२१ साली जॉर्डानुस नावाचा पाद्री ठाण्यात मारल्या गेलेल्या सोबत्यांना पुरायला सोपाऱ्याला घेऊन आला होता. तेव्हा वास्को द गामा जन्मालाही यायचा होता. हा इतिहास इथे कुणी मिरवत नाही, पण ‘आम्ही पोर्तुगीजांचे’ असं म्हटलं तर लगेच भुवया चढतात.

ज्या गावात मी उरलेला दिवस थांबलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथे चर्च वाढवायचं की पाडून नवं बांधायचं, यावरून दोन तट पडले आहेत, आणि मला दोन्हीकडे चहा मिळाला.

चर्च बाहेरून पांढरंशुभ्र. समोर अंगण, अंगणाच्या मधोमध दगडी क्रूस, चौथऱ्यावर मेणबत्त्यांच्या ओघळांचे थर. दर्शनी भिंत किल्ल्यातल्या चर्चची नक्कल, पण गावच्या ऐपतीची. तिकडे जे खांब काळ्या दगडात कोरले ते इथे चुन्यात काढलेत, भिंतीतून बोटभर पुढे आलेले. तिकडच्या पानांची इथे दोन वळणं झाली. वरच्या त्रिकोणाला बाजूंनी दोन कुरळ्या लाटा, मध्ये कोनाडा, कोनाड्यात मूर्ती. एका बाजूला घंटेचा मनोरा, दुसऱ्या बाजूला नाही. पैसे संपले असावेत, किंवा उत्साह. मला ते एकांगी तोंड फार आवडलं. मेस्त्रीने शहरातला थाट पाहिला आणि घरी येऊन आठवणीतून काढला, असं वाटतं.

दारातून आत शिरताना डोक्यावर लाकडी सज्जा, गाणाऱ्यांचा. डावीकडे बाप्तिस्म्याचं दगडी पात्र. मग लांब दालन, आणि बाजूच्या भिंतींना खिडक्यांऐवजी दारं. वेल्सच्या चर्चने थंडी बाहेर ठेवायला भिंत जाड केली आणि खिडकी बारीक. वसईच्या चर्चला वारा आत हवा असतो. जाड भिंती इथेही आहेत, पण उन्हासाठी. एप्रिलच्या दुपारी बाहेर अंग भाजत होतं आणि आत फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पोटऱ्यांपर्यंत गारवा चढत होता. दालनाच्या मध्यावर भिंतीला लागून लाकडी व्यासपीठ, पायऱ्यांचं. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा पाद्री त्यावर चढून बोलत, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचे. आता त्यावर कुणी चढत नाही, फुलदाण्या ठेवतात.

मग मोठी कमान, आणि तिच्यापलीकडे वेदी. वेदीमागे लाकडात कोरलेली, सोनेरी मुलामा दिलेली मखरासारखी भिंत, कोनाड्याकोनाड्यात संत. पण पूजा होते ती तिथे नाही. तिच्यापुढे चार पावलांवर साधं संगमरवरी टेबल आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यानंतर लॅटिन गेली, मराठी आली, आणि इतकी शतकं लोकांकडे पाठ करून उभा असलेला पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहिला. तोंड फिरवायचं तर वेदी भिंतीपासून सुटी करावी लागणार. एका परिषदेने जगभरच्या चर्चांचा आतला नकाशा बदलला. वसईत त्या मराठीने पुढे चांगलंच मूळ धरलं. ‘सुवार्ता’ मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. दिब्रिटो नंदाखालचे. हरित वसईच्या लढ्यातही पुढे होते.

“आमच्या लहानपणी काही कळायचं नाही,” लाल लुगड्यातल्या एका आजी बाकाची धूळ पुसत म्हणाल्या, “पण गप्प बसायला बरं वाटायचं. आता सगळं कळतं, म्हणून पोरं घड्याळ बघतात.”

मी विचारलं, “आजी, देवळाची चावी कुणाकडे असते?”

“चावी कशाला? दिवसा देऊळ उघडंच की. रात्री फादर लावतात.”

चावी हा शब्द पोर्तुगीजांचा. पाद्री आणि मेस्त्रीही त्यांचेच. त्यांचं राज्य गेलं, हे तीन शब्द आपल्या घराघरांत राहिले.

चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवून जुनी कौलं रचून ठेवली होती. एक उलटं केलं. शेवाळाखाली उठावाची अक्षरं : बासेल मिशन, मंगलोर, १८६५. माझ्याबरोबरच्या तरुणाने लगेच फोटो काढला, “दीडशे वर्षांपूर्वीचं कौल!” तसं नाही. १८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आणि ते पुढे कित्येक वर्षं प्रत्येक कौलावर उमटत राहिलं. पण जर्मन-स्विस मिशनऱ्यांच्या प्रोटेस्टंट कारखान्यातलं कौल कॅथलिकांच्या पोर्तुगीज चर्चवर, आणि खाली बसणारा सामवेदी शेतकरी, हे मात्र त्या तरुणाला आणि मलाही मजेचं वाटलं. कौल हातात जड लागतं. कडेला खाच, खाचेत शेजारच्याची जीभ बसते. मंगलोरी कौलांच्या आधी नळीची कौलं होती, कुंभारांची. ती एकमेकांवर नुसती पडून राहत आणि दरवर्षी शाकारावी लागत.

शाकारणी नव्या इमारतीत वाढलेल्यांना सांगावी लागते. वैशाखात, वळीव पडायच्या आत, छपरावर चढायचं. वळचणीपासून आढ्याकडे, एकेक ओळ कौलं काढायची, शेवाळ आणि पालापाचोळा झाडायचा, फुटकी बाजूला, धड असलेली परत. कौलं निघाली की खालच्या रिपा दिसतात, रिपांखाली वासे, आणि त्यात वाळवी. खरं काम तिथे. मंगलोरी कौलांनी शाकारणी कमी केली, संपवली नाही, कारण वसईच्या चर्चभोवती माड असतात आणि नारळ कुणाला विचारून पडत नाही. पूर्वी हे काम गाव करी. आळीआळीने दिवस वाटून घ्यायचे, बायकांनी खाली कौलं घासायची, दुपारी चर्चच्या अंगणात जेवण. आता माणूस ठेवावा लागतो आणि तो मिळत नाही.

“कौलावर चालायचं म्हणजे पाय कुठे टाकायचा ते कळायला लागतं,” म्हातारे मेस्त्री सांगत होते. त्यांनी त्या छपरावर चाळीस उन्हाळे काढले आहेत. “जोडावर टाकायचा, पोटावर नाही. पोरगा माझा स्लॅबची कामं घेतो. त्याला म्हटलं, वर ये, शिकवतो. म्हणाला, बाबा, पडलो तर?”

इथे वादाचं मूळ सापडतं. रविवारच्या सकाळच्या मिस्सेला या चर्चमध्ये जागा पुरत नाही. माणसं बाजूच्या दारांतून बाहेर, पत्र्याच्या मांडवाखाली, पडद्यावर बघतात. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती. नवे इमले गावाच्या कुंपणाला लागलेत आणि त्यांत नवे ख्रिस्ती राहायला आलेत, केरळचे, गोव्याचे, मंगळूरचे. विस्तार हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला टाकाऊ वाटलं नाही. एक जण म्हणाले, “आम्हाला प्रार्थनेला जागा हवी. म्युझियम चालवायचं नाहीये.” विरोधातले म्हणतात, “मागे वाढवा, बाजूला वाढवा, पण तोंडाला हात लावू नका.” मधला मार्ग म्हणून कुणी सुचवलं की जुनं तोंड ठेवून मागे काँक्रीटचं सभागृह बांधावं. म्हणजे सिनेमाचा सेट. मला तो तोडगा सगळ्यांत वाईट वाटला, पण मी पाहुणा.

तोवर डागडुजी चालू आहे, आणि तिथेच खरी काळजी. मागच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पडला, त्या जागी सिमेंट मारलंय. चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर येऊन उडून जातं. सिमेंट तोंड दाबून धरतं. पाणी वाट शोधत वर चढतं, आणि माणूसभर उंचीवर भिंतीला खार फुटतो. बोटाने खरवडलं तर पिठासारखा मीठपांढरा भुगा हातात आला. जिभेवर ठेवायचा मोह झाला, ठेवलाही. खारटच. बाहेरून गुळगुळीत, आतून भिंत विरघळतेय. समुद्राच्या शिंपल्यांचा चुना भाजणारे पूर्वी किनाऱ्यावर होते. आता चुना हवा तर पिशवीतला मिळतो आणि तो भिजवून मुरवत ठेवायला ठेकेदाराकडे वेळ नसतो.

संध्याकाळी भाचीला सगळं कळवलं. तिने उत्तरात एक संस्था शोधून पाठवली. ब्रिटनमध्ये १९५७ पासून ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ आहे, ज्यांना कुणी उरलं नाही अशा चर्चांना सांभाळणारी. वेल्समधलीही बरीच तिच्याकडे आहेत. गळणारं छप्पर बंद करणं हे तिचं पहिलं काम. ‘तिकडे हवी का अशी संस्था?’ तिने विचारलं. मी म्हटलं, मैत्रीची इकडे वाण नाही गं. वेल्सचं चर्च माणसं नाहीत म्हणून गळतंय, वसईचं माणसं मावत नाहीत म्हणून पाडायला निघालेत. मधे कुठे तरी बरोबर तेवढी माणसं असलेलं गाव असेल, ते तू शोध.

निघताना मेस्त्री फाटकापर्यंत आले. वैशाखाला अजून तीन आठवडे होते. यंदा छप्पर शाकारायचं की नव्या बांधकामाची वाट बघायची, ते कमिटीने ठरवलं नव्हतं. त्यांनी आपली दोरी मात्र तपासून ठेवली होती, सुंभाची, अंगठ्याएवढी जाड, ओटीवर खुंटीला. “फोन करा,” म्हणाले, “वर चढायला माणूस लागेल. तुमचं वजन किती?”

सत्त्याहत्तर, म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “मग खाली कौलं घासा.”